ताणाचा माग: उंदरांपासून लंडनच्या शिपायांपर्यंत

हान्स सेल्ये शोधत होता भलतंच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हा तरुण डॉक्टर अंडाशयाचा अर्क उंदरांना टोचून नवं संप्रेरक सापडतंय का, ते पाहत होता. उंदीर कापले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात रक्ताळलेले व्रण. गडी हरखला. पण मग फॉर्मॅलिन हे विषारी रसायन टोचलं, तरी तेच. गारठ्यात ठेवलं, दमेपर्यंत पळवलं, तरीही तेच! दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून गप्प बसला असता. सेल्येच्या मनात आलं, की इजा कुठलीही असो, शरीराचं उत्तर एकच असेल तर? ४ जुलै १९३६ च्या 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्याचं छोटंसं टिपण छापून आलं. शरीराच्या या उत्तरालाच पुढे 'स्ट्रेस', म्हणजे ताण, हे नाव पडलं.

भीतीने अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं, छाती धडधडते, पचन थांबतं हे हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने त्याआधीच, १९१५ च्या सुमारास, मांडलं होतं. पण ती घटकाभराची गोष्ट. धोका टळलाच नाही तर काय होतं, ते सेल्येच्या उंदरांनी दाखवलं. अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून पाझरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार काळ चढं राहिलं, की रक्तातली साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते.

पुढे मात्र ताणाच्या नावावर बरंच काही खपलं. सेल्येच्या संशोधनाला तंबाखू उद्योगाने पैसा पुरवला. आजाराचं खापर ताणावर फुटलं तर त्यांना हवंच होतं. अल्सरही वर्षानुवर्षं 'टेन्शन'च्याच खात्यावर. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी त्यामागचा जंतू पकडला.

ताण म्हणजे मोठ्या साहेबांचा आजार, ही समजूतही अशीच. १९६७ पासून लंडनमधल्या सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी झाली. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा तळाच्या शिपाई-दरवानांत तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जमेस धरूनही हिशेब पुरता लागेना. पुढच्या पाहणीत एक धागा हाती आला: आपल्या कामावर आपला ताबा नसणं. मला तर हा शोध उंदरांच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

ताणाने जखमही उशिरा भरते का, हे पाहायला १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. तशीच जखम त्याच वयाच्या, पण हा भार नसलेल्या १३ जणींनाही केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.