दुसऱ्या गाडीचे रिम पिकअपला बसवायचेत? अडॅप्टरची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. आम्ही अडॅप्टर बनवून देतो, म्हणजे गाडीचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिम यांच्या मधे बसवायची धातूची जाड चकती. आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारा फोन म्हणजे, "भाऊ, एंडेव्हरचे चार रिम स्वस्तात मिळालेत, माझ्या व्ही-क्रॉस पिकअपला बसतील का?" एंडेव्हर फोर्डची. फोर्डनं २०२१ ला भारतात गाड्या बनवणं बंद केलं तेव्हापासून हे रिम जुन्या बाजारात बरेच फिरतायत आणि दिसायलाही भारी आहेत, त्यामुळं मोह होतो. पण याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही म्हणून हे पत्रक काढलंय.

पहिली गोष्ट पीसीडी. म्हणजे स्टडच्या (ज्या बोल्टवर चाकाचे नट आवळतात त्यांच्या) मधून जो गोल जातो त्याचा व्यास. व्ही-क्रॉस, हायलक्स, फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरो स्पोर्ट या सगळ्यांना ६ स्टड आणि १३९.७ मिमी पीसीडी, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. लोक एवढंच बघतात आणि रिम उचलून आणतात. घरी येऊन लावायला गेलं की कळतं, रिम हबवर बसतच नाही. कारण मधलं भोक. व्ही-क्रॉसच्या हबचं नाक, म्हणजे मधला उंचवटा, साधारण १०० मिमी आहे आणि एंडेव्हरच्या रिमचं मधलं भोक ९३.१, मग बसणार कसं? हायलक्सचं तर १०६.१ आहे, पजेरो स्पोर्टचं ६७.१. पीसीडी एकच असली तरी मधलं भोक प्रत्येक कंपनीचं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा.

काही जण मग लेथवर जाऊन रिमचं भोक मोठं करून आणतात. कृपा करून असं करू नका, तिथला धातू कमी झाला की रिम कुठून तडकेल ते सांगता येत नाही, आणि रिम एकदा कापला की तो परत भरून येत नाही. जुनी भोकं वेल्डिंगनं बुजवून नवीन पाडलेले रिमही आमच्याकडं येतात, ते आम्ही गाडीला लावत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दुसरी गोष्ट ऑफसेट. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर किंवा आत आहे ते. प्लस म्हणजे ती बाजू बाहेर, त्यामुळं प्लसचा आकडा जितका मोठा तितकं चाक आत जातं. व्ही-क्रॉसचा ऑफसेट साधारण +३३, एंडेव्हरचा +५५. म्हणजे एंडेव्हरचा रिम २२ मिमी आत जातो, वर तो रुंदीला मोठा असला तर अजून थोडा, आणि टायर आतल्या बाजूला सस्पेन्शनला घासायला लागतो. इथं अडॅप्टरचा खरा उपयोग आहे. २५ मिमीचा अडॅप्टर लावला की ५५ मधून २५ गेले, राहिले ३०, म्हणजे चाक जवळजवळ कंपनीच्याच जागी आलं. आणि त्याच अडॅप्टरला आतून १०० चं भोक आणि बाहेरून ९३.१ ची कड काढली की हब, अडॅप्टर आणि रिम तिन्ही एका केंद्रावर बसतात. असं काम करायला आम्हाला मनापासून आवडतं, कारण त्यात गाडीचं काही बिघडत नाही.

पण बरेच जण अडॅप्टर मागतात ते चाक बाहेर काढून गाडी रुंद दिसावी म्हणून. ३८ मिमी, ५० मिमी. त्याचं काय होतं ते समजून घ्या: एका बाजूला ५० म्हणजे दोन्ही मिळून १०० मिमी ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वाढला, बेअरिंगवर येणारा भार हबपासून लांब गेला, खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटके देतं, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि चिखल दारांवर उडतो. गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात असली गाडी चालवून बघितलेल्याला वेगळं सांगायला नको. कंपनीच्या मूळ जागेपेक्षा चाक थोडं बाहेर आलं तर चालतं, पण टायर फेंडरच्या बाहेर आलेला आम्हाला पटत नाही.

तिसरं म्हणजे जाडी. "मला १५ मिमीचाच करून द्या" असं सांगणारे येतात. गाडीचा स्टड बराच बाहेर असतो, तो पातळ अडॅप्टरमधून बाहेर येऊन रिमला टेकणार, मग रिम सपाट बसणार नाही. म्हणून आम्ही २५ च्या खाली जात नाही. हबचं नाक किती उंच आहे तेही मोजावं लागतं, आणि फोर बाय फोरला पुढचं आणि मागचं वेगवेगळं असू शकतं. त्यामुळं गाडी आणि रिम दोन्ही घेऊनच या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवरून माप घेता येत नाही.

पीसीडी घरी मोजायची असेल तर ६ स्टडला समोरासमोरच्या स्टडचं केंद्र ते केंद्र मोजा. ५ स्टडला समोरासमोर काही येत नाही, म्हणून शेजारच्या दोन स्टडचं केंद्र ते केंद्र अंतर घ्या आणि १.७०१ नं गुणा. जिप्सी किंवा जिम्नीला ते अंतर ८२ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे पीसीडी १३९.७. आता कुणीतरी म्हणेल, पीसीडी सारखीच आहे तर ५ भोकांचा रिम ६ स्टडच्या पिकअपला अडॅप्टरनं लावा. नाही जमत. दोन्ही गोल एकाच व्यासाचे असल्यामुळं तुम्ही प्लेट कशीही फिरवा, एखादं ५ चं भोक ६ च्या भोकाशेजारी जास्तीत जास्त ७ मिमीवर येतं आणि भोक स्वतःच १२ मिमीचं आहे, म्हणजे दोन्ही एकमेकांत घुसतात. त्यातून मार्ग काढायचा तर प्लेट खूप जाड करावी लागते, म्हणून हे काम आम्ही घेत नाही.

माल कुठला वापरतो? ६०६१ टी६ ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घन गोळ्यातून मशीनवर काढलेला, ओतीव नाही. कोल्हापुरात फाउंड्रीची कमी नाही, चांगलं ओतकामही इथंच होतं, पण या कामाला ओतीव अडॅप्टर नको असं आमचं मत आहे. स्टड १०.९ ग्रेडचे. सगळ्या गाड्यांना चालेल अशी लांबट भोकं असलेले युनिव्हर्सल अडॅप्टर आम्ही विकत नाही. दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली होती, मालक म्हणाला ऐंशीच्या पुढं थरथरते. खोलून बघितलं तर बाहेरून आणलेला असाच लांबट भोकांचा अडॅप्टर, दोन स्टड वाकलेले, एक नट गायब. घरातली माणसं घेऊन तो गोव्याला जाऊन आला होता. ते बघून आमच्या पोराचे हात थरथरत होते.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण साफ करायचा, टेकणाऱ्या बाजूला रंग किंवा ग्रीस ठेवायचं नाही, स्टडच्या आट्यांना तेल लावायचं नाही. नट हातानं किती फेरे घेतो ते मोजा, १२ मिमी स्टडला १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) असेल तर निदान ८ पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत. नटाची बैठकही बघा, टोयोटाच्या अलॉयला सपाट वायशरचा नट येतो आणि बाजारातल्या बऱ्याच रिमला कोनाचा लागतो, चुकीचा नट घट्ट वाटतो पण थोड्या किलोमीटरमध्ये सैल पडतो. आधी अडॅप्टर हबला, मग रिम अडॅप्टरला, दोन्ही वेळा समोरासमोरचे नट धरून आणि शेवटी टॉर्क पान्यानंच. अशा बहुतेक गाड्यांना टॉर्क १०० ते १३० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. पंक्चरवाल्याकडं गेलात तर हवेच्या गननं आवळू देऊ नका.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर गाडी घेऊन या. रिम काढून आतले नट परत तपासावे लागतात, ते रिमच्या मागं लपलेले असल्यामुळं बाहेरून काही कळत नाही. याचे पैसे घेत नाही. नंतर दर ५ हजार किलोमीटरला, आणि कोकणात जास्त फिरणारे असाल तर त्याहून लवकर, कारण खाऱ्या हवेत लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना धरून बसतात.

मालवाहू पिकअपला, दीड टन भाजी, खडी, दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीला, आम्ही अडॅप्टर लावून देत नाही. त्या गाडीवर कुणाचं तरी घर चालतं, तिला कंपनीचेच रिम राहू द्या. एकावर एक दोन अडॅप्टरही कुणाच्याच गाडीला नाही.

कायद्याचंही सांगतो. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, आणि वॉरंटीतल्या गाडीचं बेअरिंग गेलं तर कंपनी हात वर करू शकते हे धरून चला.

आणि स्टेपनी विसरू नका. मूळ स्टेपनी लावायची तर आधी अडॅप्टर काढावा लागतो आणि त्याचे आतले नट खोल खाचेत असतात, गाडीसोबत आलेला पाना तिथं जात नाही. त्यासाठी पातळ भिंतीचा सॉकेट आणि तुमचे मूळ नट आम्ही एका कापडी पिशवीत घालून देतो, ती पिशवी सीटखालीच असू द्या, घरी कपाटात नको.