जमवाजमव आणि युद्धघोषणा : १९१४ च्या जुलैत झालेली गल्लत

बातम्यांमध्ये ‘सैन्य सीमेकडे निघालं’ असं आलं की लगेच ‘युद्ध पेटलं’ असा अर्थ काढला जातो. मांडव घातला म्हणजे लग्न लागलं असं होत नाही, तसंच हेही. जमवाजमव म्हणजे राखीव सैनिकांना बोलावणं, घोडे, दारूगोळा आणि रेल्वेगाड्या ताब्यात घेणं, पलटणी ठरलेल्या जागी पोचवणं. युद्धघोषणा हा राजनैतिक कागद असतो आणि बहुधा राजदूतामार्फत दिला जातो.

एकाशिवाय दुसरं होऊ शकतं. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हाचंच बघा. ऑस्ट्रिया-हंगेरीने २८ जुलै १९१४ ला सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तेही तारेने. तेव्हा त्यांच्या सैन्याची तयारी पुरी व्हायला दोन आठवडे तरी हवे होते. बेलग्रेडवर तोफा डागल्या, पण खरी चढाई सुरू झाली १२ ऑगस्टला. म्हणजे घोषणा आधी, सैन्य मागून.

सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाचं बरोबर उलटं. रशियाचा सम्राट झार निकोलसने आधी फक्त ऑस्ट्रियाच्या रोखाने जमवाजमव करायचं ठरवलं. सेनापती म्हणाले, अशी अर्धी योजना आमच्याकडे नाहीच, आणि अर्धी केली तर पुढे पूर्ण करताना सगळा घोळ होईल. २९ जुलैच्या रात्री पूर्ण जमवाजमवीचा हुकूम तारेने सुटणार होता. तेवढ्यात ऑस्ट्रियाच्या मित्राची, म्हणजे जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मची तार आली आणि झारने तो थांबवला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी त्याचं मन वळवलं आणि हुकूम सुटला. तरी झार कैसरला कळवत राहिला, की तयारी आता थांबवता येत नाही, पण बोलणी चालू आहेत तोवर माझं सैन्य कुरापत काढणार नाही. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. रशियात जमवाजमव करून थांबणं शक्य होतं.

जर्मनीत नव्हतं. फ्रान्स आणि रशिया दोघांशी एकाच वेळी लढावं लागणार, म्हणून रशिया सावकाश जमत असतानाच फ्रान्सला आधी लोळवायचं, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी बेल्जियममधला लिएज हा किल्ला पहिल्या काही दिवसांतच घ्यायचा होता. जमवाजमवीच्या वेळापत्रकातच परक्या देशात घुसणं लिहिलेलं! शिवाय रशियाला मिळालेला प्रत्येक दिवस जर्मनीच्या हिशेबातून वजा होत होता. म्हणून ३१ जुलैला बर्लिनने रशियाला जमवाजमव थांबवण्यासाठी बारा तासांची मुदत देऊन निर्वाणीचा खलिता धाडला आणि १ ऑगस्टच्या संध्याकाळी रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी कैसरला वाटलं, इंग्लंड-फ्रान्स तटस्थ राहतील, तर सगळं सैन्य पूर्वेला वळवावं. सरसेनापती मोल्टके यांनी सांगितलं, ते आता जमणार नाही. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि ब्रिटनही उतरलं.

त्याच आठवड्यात नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड यांनीही पूर्ण जमवाजमव केली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. दोघंही चार वर्षं तटस्थ राहिले. आपल्याकडचं उदाहरण ऑपरेशन पराक्रमचं. १३ डिसेंबर २००१ च्या संसदेवरील हल्ल्यानंतर भारताने सीमेवर प्रचंड फौज उभी केली, समोर पाकिस्तानचीही. घोषणा झाली नाही, युद्धही झालं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये फौज मागे घ्यायचा निर्णय झाला.