चिनी वैद्यकातील औषध कंपन्यांच्या संशोधनाला सरकारी पाठबळ

पारंपरिक चिनी औषधे बनवणाऱ्या कंपन्यांनी संशोधनावर खर्च करावा यासाठी चीनचे सरकार देत असलेली अनुदाने, करसवलती आणि परवान्यांतील सूट. आधुनिक वैद्यकाबरोबर पारंपरिक वैद्यकाचाही विकास करणे हे १९८२ च्या चिनी राज्यघटनेने राज्याचे काम ठरवले आहे (कलम २१). पारंपरिक वैद्यकाचा स्वतंत्र कायदा १ जुलै २०१७ पासून लागू झाला.

या धोरणामागचे सर्वात मोठे यश मात्र कंपन्यांचे नाही, सरकारी प्रयोगशाळेचे आहे. मलेरियावर औषध शोधण्यासाठी २३ मे १९६७ रोजी 'प्रकल्प ५२३' सुरू झाला. बीजिंगमधील संशोधिका तू यौयौ यांना चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांची एक कृती सापडली: मूठभर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी त्यावरून ताडले आणि सुमारे ३५ अंशांना उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांमधील मलेरियावर पूर्ण गुणकारी ठरला. त्या अर्कातूनच पुढे आर्टेमिसिनिन हे औषधी द्रव्य वेगळे केले गेले. २०१५ मध्ये तू यौयौ यांना त्यासाठी नोबेल मिळाले. गडचिरोलीसारख्या भागात फॅल्सिपेरम मलेरियाच्या (मलेरियाचा गंभीर प्रकार) रुग्णाला आज याच कुळातले औषध दिले जाते.

कंपन्यांना मिळणारी मदत प्रामुख्याने करातून येते. 'उच्च तंत्रज्ञान उद्योग' अशी मान्यता मिळाली की आयकर २५ टक्क्यांऐवजी १५ टक्के लागतो. २० कोटी युआनपेक्षा जास्त विक्री असलेल्या कंपनीला त्यासाठी विक्रीच्या किमान ३ टक्के रक्कम संशोधनावर खर्चावी लागते. लहान कंपन्यांसाठी हे प्रमाण ४ ते ५ टक्के आहे. याशिवाय संशोधनावर १०० युआन खर्च केले तर करपात्र उत्पन्नातून २०० युआन वजा करता येतात. थेट अनुदान केंद्र, प्रांत आणि शहर अशा तिन्ही पातळ्यांवरून येते.

अशा निधीतून काय होऊ शकते, याचा ठळक दाखला म्हणजे शिच्याच्वांग शहरातल्या यिलिंग कंपनीच्या 'तोंगशिनल्वो' या औषधाची चाचणी. यात जळू, विंचू, गोम असे घटक असतात. राष्ट्रीय संशोधन कार्यक्रमाच्या मदतीने १२४ रुग्णालयांतील, हृदयविकाराचा झटका आलेल्या ३,७७७ रुग्णांवर हे औषध तपासले गेले. निम्म्यांना औषध नसलेली दिखाऊ गोळी मिळाली आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना औषध घेणाऱ्यांत ३.४ टक्के, तर इतरांत ५.२ टक्के आढळल्या. हे निष्कर्ष २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पारंपरिक औषध अशा कसोटीवर उतरवणे हेच सरकारी पैशाचे खरे काम आहे.

दुसरीकडे, त्याच २०१७ च्या कायद्याने प्राचीन ग्रंथांतील निवडक पाठांना (औषधांच्या कृतींना) रुग्णांवरील चाचणीतून सूट दिली. २०१८ मध्ये अशा १०० पाठांची पहिली यादी निघाली. सूट मिळण्यासाठी घटक, मात्रा आणि कृती ग्रंथाशी जुळणे आवश्यक असते. विषारीपणाची तपासणीही करावी लागते. पण औषध रुग्णाला खरोखर बरे करते का, हे दाखवण्याचे बंधन राहत नाही. महागड्या चाचणीत उतरायचे की यादीतला पाठ उचलायचा, हा हिशेब कंपनीला करावा लागतो आणि करसवलतीचा जोर तिथे कमी पडतो.