पदर न सोडणारी मुलगी: चिंता की अटॅचमेंट?

सोळा-सतराची मुलगी भाकरीचे चिमणीएवढे तुकडे करून ताटात फिरवत बसते. वजन झपाट्यानं उतरतं. डॉक्टर बालपणाबद्दल विचारतात आणि आई सांगते, "लहानपणी माझा पदर सोडायची नाही हो." घरातलं कुणीतरी लगेच निदान करून मोकळं होतं: अटॅचमेंट, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातलं भावनिक नातं, बिघडली असणार, आईचंच चुकलं असणार. दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते ती इथं.

चिंता मुलीच्या आत असते. शाळेच्या फाटकाशी आलं की पोट दुखतं, आईला अपघात होईल या भीतीनं झोप लागत नाही. असं चार आठवडे किंवा जास्त चाललं आणि रोजचं जगणं अडलं, तर ती सेपरेशन अँक्झायटी, म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होण्याच्या भीतीचा विकार. अटॅचमेंट असते दोघांमध्ये. आईपाशी असुरक्षित असलेलं मूल आजीपाशी निर्धास्त असू शकतं, आणि असुरक्षित असणं हा काही आजार नव्हे.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये साधारण वर्षाच्या बाळांना पाहिलं. आई खोलीबाहेर जाते, काही मिनिटांनी परत येते. आपलं सगळं लक्ष रडण्याकडे. त्यांचं खरं लक्ष आई परतल्यावर काय होतं याकडे. भोकाड पसरलेलं बाळ कडेवर येताच शांत होऊन खेळण्याकडे वळलं, तर नातं सुरक्षित. उलट आई गेली-आली तरी मान वर न करणारं, शेजारीपाजारी ज्याला 'किती शहाणं' म्हणतील, ते बाळ असुरक्षित निघतं. 1977 मध्ये अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेलेच होते! मग पदर धरण्यावरून काय ठरणार?

खाण्याच्या विकारांशी चिंतेचा धागा मला जास्त पक्का वाटतो. 2004 च्या एका मोठ्या अभ्यासात अशा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना कधी ना कधी चिंताविकार झालेला होता, आणि बहुतेकींमध्ये तो आधी, बालपणीच सुरू झालेला. अटॅचमेंटशीही संबंध दिसतो. पण तिथं बहुधा आजारी पडल्यावर त्या रुग्णालाच बालपणीचं आठवून सांगायला लावलेलं असतं.

किशोरवयीन मुलींच्या ॲनोरेक्सियावर, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याच्या आजारावर, लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातून पुढे आलेली उपचारपद्धत तर ताटाचा ताबा आईवडिलांकडेच देते. जिला दोषी ठरवलं तिलाच सांगतात, जेवताना शेजारी बसा आणि ताट संपेपर्यंत उठू नका.