जुन्या सुती कापडाचे उन्हाळी शिवणकाम (कोल्हापूर)

लुगडे, धोतर, मलमल, मांजरपाट (जाडेभरडे कोरे सुती कापड) असे ट्रंकेत जपलेले जुने सुती कापड उसवून, धुऊन त्यातून उन्हाळ्यात घालायचे सैल कपडे बेतणे व शिवणे. कोल्हापुरात हे काम घरी शिलाई मशीन असलेल्या बायका करतात, गल्लीतले शिंपीही करतात. मात्र विरलेले कापड पाहून बरेच शिंपी नको म्हणतात, आणि त्यांचेही चुकत नाही. मार्च ते मे या काळात येथे पारा ३८-३९ अंशांपर्यंत जातो आणि वळीव पडून गेला की हवा दमट होते. कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल हवेतून धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. वर्षानुवर्षे धुतलेल्या सुताची खळ बहुतेक गेलेली असते, म्हणून ते नव्यापेक्षा मऊ लागते. बाळाची झबली-टोपडी आजोबांच्या धोतरातून शिवण्यामागे हेच कारण आहे. पण हा मऊपणा झिजेतून आलेला असतो. त्यामुळे या कामातला पहिला नियम असा की शिवण कापडापेक्षा मजबूत करू नये. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, फसकलेले कापड जोडता येत नाही.

कापड : इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू मिल या कापडगिरणीचा पाया घातला, त्यामुळे जिल्ह्यातल्या जुन्या घरांत सुती धोतरे, मलमल, पॉपलीन यांना तोटा नाही. इरकल साडी आणि चोळीचा खण हे मात्र कर्नाटकातून, अनुक्रमे इळकल व गुळेदगुड्ड येथून आलेले. खणाचा पन्हा (रुंदी) जेमतेम ३० इंचांच्या आसपास असतो; त्याचे पोलके किंवा गळ्याची पट्टी होते, कुर्ता होत नाही. जुने दिसते म्हणून सुतीच असेल असे मानू नये, कारण ट्रंकेत टेरिकॉटही (पॉलिएस्टर मिसळलेले कापड) निघते. कडेचे चार धागे जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळून मऊ राख देते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, टेरिकॉटचा मात्र कडक मणी होतो.

पारख : कापड खिडकीसमोर धरून हातभर-हातभर सरकवत पाहतात. जिथे उजेड एकदम जास्त येतो तिथे ते विरले आहे. तिथे खडूने खूण करावी. नऊवारी लुगड्यात काष्ट्याचा भाग आणि पायाजवळचा काठ आधी जातो, निऱ्यांचा वरचा भाग बहुधा शाबूत राहतो. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड उभे आणि आडवे हलके ताणावे. बारीक ‘टर्र’ आवाज आला तर तो भाग कपड्यात घेऊ नये. घडीच्या रेषा वेगळ्या तपासाव्यात, कारण वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले कापड तिथेच तुटते. इरकलीचा पदर रेशमी ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असून तो सुती अंगाला धाग्यांच्या फासांनी जोडलेला असतो. ही जोडणी बगलेत किंवा पाठीवर आली की सुटते. पदर कापून वेगळाच वापरावा.

धुणे : रात्रभर साध्या पाण्यात भिजवून उरलीसुरली खळ काढावी; कसर लागते ती खळीमुळे. नंतर रिठ्याच्या पाण्यात न चोळता दाबून धुवावे, पिळू नये, सावलीत आडवे वाळवावे. लोखंडी ट्रंकेचे गंजाचे डाग लिंबू-मिठाने फिके होतात, पण लगेच भरपूर पाण्याने खळबळावे. आंबट राहिले तर डागाच्या जागी भोक पडते. क्लोरीनची पावडर अजिबात नको. कोरे मांजरपाट मात्र दोनदा धुऊन मगच मापावे, ते आटते.

बेतणे : जुन्या कापडाला सरळ काटकोनी काप मानवतो. छाती ३६ इंच असेल तर ६ इंच मोकळीक धरून घेर ४२ इंच. चारही कडांना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठी जादा कापड) सोडली की ४४ इंच होतात. ४५ इंच पन्ह्यात पुढचा व मागचा भाग शेजारी बसतात. उंची ४० इंच, दुमडीला २ इंच आणि बाह्यांना १२ इंच, म्हणजे दीड वारात कुर्ता होतो. बाह्यांशेजारी उरलेल्या पट्टीतून ४ इंची दोन चौकोन काढून बगलेत घालतात. हात वर केला की सगळा ताण बगलेवर येतो. चौकोन नसेल तर कापड तिथेच जाते. गोल कापलेला मुंढा (बाही जोडायची जागा) आणि अंगाला घट्ट बसणारे टक्स या कापडात टाळलेलेच बरे. काठ खाली यावा म्हणून कापड आडवे लावण्याचा मोह होतो. तसे केल्यास कपड्याचा भार आडव्या धाग्यावर पडून झोळ येतो. काठ कापून नंतर जोडावा. खांद्यावर आतून धुतलेल्या मलमलीचे वीतभर अस्तर लावून खालची कड मोकळी सोडतात.

शिवण : सुई ९ किंवा ११ नंबरची, नवी. दोरा सुती, पॉलिएस्टरचा दोरा जुने सूत कापतो. एका इंचात १० ते १२ टाके पुरेत. त्याहून बारीक टाक्यांनी पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि कापड त्याच रांगेवर फाटते. बाजूंना दुहेरी शिवण घालतात : कापडाची उलटी बाजू उलट्या बाजूला लावून दोन सूत (पाव इंच) अंतरावर शिवायचे, माया एक सुतापर्यंत कातरायची, उलटवून इस्त्री करायची आणि पुन्हा दोन सूत अंतरावर शिवायचे. दशा (कडेचे सुटे धागे) आत बंद होतात, ओव्हरलॉक लागत नाही. पहिल्या शिवणीनंतर माया नीट कातरली नाही तर दशा बाहेर डोकावतात, आणि ही चूक नवशिक्या हमखास करतात. मशीन मलमल गिळत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवावे व नंतर ती फाडून काढावी. गळ्याला सव्वा इंच रुंदीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावतात. ती ओढून लावली की गळा चुणतो. काजामागे कापडाचा दुहेरी तुकडा हवाच.

पहिल्या उन्हाळ्यात जिथे फाटते ते बहुधा खांद्यामागे किंवा बसण्याच्या जागी. तिथे ठिगळ नव्या पॉपलीनचे लावू नये. दणकट ठिगळाच्या कडेलगत जुने कापड पुन्हा फाटते. त्याच लुगड्याचा तुकडा लावावा, म्हणून दोन वीत कापड बाजूला राखतात. बाकीचे वाकळेच्या (गोधडीच्या) थरात जाते.