डायव्हॅरिकेट (इंग्रजी क्रियापद)

डायव्हॅरिकेट म्हणजे फाटा फुटणं, पण नुसता फाटा नाही, दोन फांद्या एकमेकींपासून चांगल्या लांब फाकत जाणं. साताऱ्याकडं फाटा म्हटलं की पाचवड फाटा आठवतो, तिथं हायवे सोडून वाईचा रस्ता वेगळा होतो, त्याला बायफर्केट (नुसतं दोन वाटा होणं) हा शब्द पुरतो. डायव्हॅरिकेटमध्ये कोन महत्त्वाचा. उसाचे फुटवे बुडातून निघून वर चढतात, म्हणून त्यांनाही हा शब्द बसत नाही.

बसतो तो तगरीला. आपल्या दारातली पांढऱ्या फुलांची तगर, तिचं शास्त्रीय नावच टॅबर्नीमोंटाना डायव्हॅरिकाटा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिला नेरियम म्हणजे कण्हेरीच्या गटात घातलं होतं, पुढे गट बदलला पण डायव्हॅरिकाटा टिकलं, आणि फांद्या बघितल्या की का टिकलं ते कळतं, एकीच्या दोन आणि दोन्ही दोन दिशांना. (आयुर्वेदातलं तगर वेगळं, ते व्हॅलेरियनच्या जातीचं मूळ.)

उगम लॅटिन. डि म्हणजे अलग आणि व्हारिकारे म्हणजे पाय फाकून उभं राहणं, त्याच्यामागे व्हारुस हे विशेषण, आपल्याकडचं फेंगडा त्याच्या जवळ जातं. पण व्हारुस नक्की कसल्या पायांना म्हणायचे यावर मतभेद आहेत. आज हाडांचे डॉक्टर गुडघे बाहेर गेलेल्या, धनुष्यासारख्या पायांना व्हारस म्हणतात आणि गुडघे एकमेकांना घासत असतील तर व्हॅल्गस, पण बऱ्याच जणांच्या मते जुन्या लॅटिनमध्ये हे बरोबर उलटं होतं आणि मधे कधीतरी अदलाबदल झाली. काहीजण म्हणतात मूळ अर्थ फक्त वाकडा एवढाच. हे मत जास्त सांभाळून केलेलं वाटतं, कारण याच कुळातलं प्रेव्हारिकारी हे क्रियापद प्लिनी या रोमन लेखकाने नांगऱ्यासाठी वापरलंय, वाकून जोर लावला नाही तर तास वाकडा जातो अशा अर्थाने, आणि तिथं गुडघ्यांचा काही संबंध नाही. तेच पुढे कोर्टात गेलं, समोरच्या पार्टीला आतून सामील झालेल्या वकिलासाठी, आणि त्यातूनच इंग्रजीत प्रिव्हॅरिकेट आलं, उडवाउडवीची उत्तरं देणं. व्हॅरिकोज व्हेन्सचं नातंही काहीजण इथेच जोडतात, पण ते पक्कं नाही, लांब ठेवलेलं बरं.

इंग्रजीत हा शब्द साधारण १७व्या शतकाच्या पूर्वार्धापासून दिसतो. बोलण्यात जवळपास नाहीच. डॉक्टरी भाषेत बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकतात त्याला डायव्हॅरिकेशन म्हणतात. वनस्पतिशास्त्रात न्यूझीलंडची गुंतागुंतीच्या फांद्यांची झुडपं याच नावाने ओळखली जातात, अशा पन्नासहून जास्त जाती आहेत. १९७७ मध्ये ग्रीनवूड आणि अ‍ॅटकिन्सन या संशोधकांनी मांडलं की मोआ नावाच्या, आता नामशेष झालेल्या मोठ्या पक्ष्यांपासून कोवळा पाला वाचावा म्हणून ही ठेवण आली, नंतर मॅकग्लोन आणि वेब यांनी थंडी-वाऱ्याचं कारण पुढे केलं. दोन्ही कारणं एकत्र असणंही शक्य आहे.

मराठीत फाकणे हाच सगळ्यात जवळचा शब्द, शाखा फुटणे म्हटलं की कोन हरवतो. इंग्रजीत हे क्रियापद सकर्मकही चालतं, म्हणजे तासगावकडं द्राक्षाच्या खोडातून काढलेले ओलांडे तारेवर दोन बाजूंना वळवतात, तिथं ते फाकवणे होईल.