सहावी-सातवीच्या पोरापोरींनो, पाणी किती फुटावर आहे?

पाचवीपर्यंत गणित म्हणजे पाढे, बेरीज, वजाबाकी. सहावी-सातवीत गेलं की एकदम अक्षरं येतात, शून्याच्या खालच्या संख्या येतात, आलेख येतात, आणि बरीच पोरं नेमकी इथेच बिचकतात. 'सर, हे आपल्याला कुठं लागणार आहे?' हा प्रश्न मग वर्गात येतोच. प्रश्न एकदम रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे. माझं उत्तर असं, की जे दिसतंय त्यावरून जे दिसत नाही ते काढायचं, ह्यासाठी गणित लागतं. कोल्हापुरात राहत असाल तर त्याची उदाहरणं शोधायला लांब जायलाच नको.

जुलैत पाऊस लागला की मोबाईलवर मेसेज सुरू होतात, पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इतके फूट इतके इंच. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. समजा सकाळी ६ वाजता पाणी ३३ फुटांवर होतं आणि दुपारी १२ वाजता ३४ फूट ६ इंच झालं. इथं पहिली मेख आहे बघा, ३४ फूट ६ इंच म्हणजे ३४.६ नाही, ३४.५, कारण फुटात इंच १२ असतात, १० नाही. म्हणजे ६ तासांत दीड फूट वाढलं, तासाला ३ इंच. ३९ ला पोचायला अजून साडेचार फूट, म्हणजे ५४ इंच, भागिले ३, झाले १८ तास. उद्या सकाळी ६ वाजता इशारा पातळी! ते १८ तास कुणी सांगितले नव्हते, कुठं लिहिलेले पण नव्हते, तुम्ही काढले. पुस्तकात जो क्ष असतो ना, तो हाच. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकडच्या माणसांना सामान वर कधी चढवायचं, जनावरं कधी हलवायची ह्याचा अंदाज असल्याच हिशोबानं बांधावा लागतो.

अर्थात नदी काय आपल्या हिशोबाप्रमाणं चालत नाही. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की तेवढ्याच पाण्यानं पातळी कमी चढते, कारण जागा रुंद झाली. म्हणून दर दोन-तीन तासांनी नवा आकडा घेऊन हिशोब परत मांडायचा. आधीचं उत्तर चुकलं असं नाही, माहिती बदलली की उत्तर बदलणारच.

मग दुसरी बातमी येते, राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग सुरू. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, त्याला असे ७ दरवाजे आहेत आणि पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, आणि एका घनफुटात साधारण २८.३ लिटर मावतं. गुणून बघा, एका दरवाज्यातून सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर! दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला. ऐकून वाटतं धरण आता तासाभरात रिकामं होणार. पण धरणात मावतं सुमारे ८.३६ टीएमसी आणि एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. १०० कोटी भागिले १४२८ केलं की जवळजवळ ७ लाख सेकंद येतात, दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ८ दिवस. एक दरवाजा सलग ८ दिवस उघडा राहिला तर कुठं एक टीएमसी पाणी जातं! मोठे आकडे नुसते ऐकायचे नसतात, एकमेकांनी भागून बघायचे असतात, तेव्हा ते बोलायला लागतात.

शेताचं गणित तर घरात रोजच चालतं. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा, असे ४० झाले की एकर. डेअरीत दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं त्यावर) निघतो, ते सगळं शेकडेवारीचं काम. आजोबांच्या शेजारी बसून एकदा दुधाचं बिल समजून घ्या, टक्केवारीचा अर्धा धडा तिथंच होतो.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात, आणि सूर्य जसा खाली जाईल तशी ती वर वर सरकतात. पारंपरिक तारखा आहेत ९, १०, ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. ह्याच का? मधल्या दोन तारखा घ्या, १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी. नोव्हेंबरचे उरलेले २०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचा १, एकूण ८३ दिवस. निम्मे साडेएक्केचाळीस. १० नोव्हेंबरपासून तेवढे पुढं मोजत गेलं की आपण येतो २१ आणि २२ डिसेंबरच्या मधोमध, म्हणजे बरोबर वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसापाशी! सूर्य मावळायची जागा त्या दिवसापर्यंत दक्षिणेकडं सरकत जाते, मग उलटी फिरते, आणि येताना त्याच जागेवरून परत जाते. पुस्तकातली सममिती ती हीच, फक्त आरसा कागदावर नाही, डिसेंबरमध्ये उभा आहे. ज्यांनी मंदिर बांधलं त्यांच्याकडं मोबाईल नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता, आणि तरी किरणं आजही येतात, मध्ये ढग, धूळ किंवा एखादं उंच बांधकाम आडवं आलं तरच अडतात.

हे घरी पण करून बघता येतं. पश्चिमेची खिडकी असेल तर २० नोव्हेंबरला मावळतीचं ऊन भिंतीवर कुठं पडतं तिथं पेन्सिलनं खूण करा, वेळ लिहून ठेवा, आणि मधोमधचा दिवस धरून पुढची तारीख स्वतः काढा. २२ जानेवारीच्या आसपास यायला पाहिजे. त्या दिवशी ऊन खुणेवर आलं का बघा आणि घड्याळ पण बघा, कारण जागा तीच असली तरी वेळ तीच नसते, जानेवारीत सूर्य जरा उशिरा मावळतो. तो का, हे वर्गात विचारा.